तिसरा हात कुणाचा

एका राज्यात राजकन्या केतकावती जमिनीला पाय लावत नसे. लाडानं नव्हे, शापानं. तिचं पाऊल पडेल तिथलं शिवार मिठाचं होई. सात गावं अशी गेली. मग एक जोगी आला नि सांगून गेला, "मीठडोंगराच्या पोटात तळं आहे. त्यात पाय बुडाले की शाप सुटेल. वाटेत दरवाजे तीन. वीरानं तिला दोन्ही हातांवर उचलून न्यावं. तिनं त्याच्या गळ्यात हात गुंफून डोळे मिटावे. नेईल त्याला राजकन्या आणि राज्य."

"डोळे कशाला मिटायचे?" केतकावतीनं विचारलं.

"रीत आहे," दरबार म्हणाला. झालं! रीत म्हटलं की पुढचं तोंड बंद.

दोन राजपुत्र पहिल्याच दरवाजाशी हरले. दोन्ही हात गुंतलेले, कडी काढायची कशानं? आले तसे परतले. तिसरा आला वज्रसेन. त्यानं तिला अलगद उचललं आणि डोंगर चढू लागला.

"दम नाही लागत तुम्हाला?"

"आपण फुलासारख्या हलक्या, राजकन्ये."

बोलणं भारी गुळचट. तिला खटकलं. चढावर माणूस धापा टाकतो. ह्याची छातीसुद्धा हलेना.

पहिला दरवाजा आला. खट्! कडी निघाली.

दुसऱ्या दरवाजाशी तिनं अंगानंच चाचपलं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. तरी अडसर सरकला. मग तो सरकवला कुणी?

वरून साळुंकी ओरडली, "मिटल्या डोळ्यांनी काय दिसणार गं, बाई?"

तिसऱ्या दरवाजाशी तिनं डोळे उघडले. वज्रसेनाच्या पाठीतून तिसरा हात निघाला होता, हाडकुळा, मिठासारखा पांढरा. तो कडीकडे चालला होता.

"डोळे मिटायला लावणारा तो जोगीही तूच?"

"मीच. शापही माझाच. एवढा दरवाजा उघडला की राज्यही माझंच."

त्याचे दोन हात तिच्या भारानं अडकलेले. तिचे दोन्ही मोकळे! तिनं गळा सोडला, ते पांढरं मनगट धरलं आणि पिळलं. हात मुळासकट उपटून आला. जादूगार उभ्या उभ्या मीठ होऊन ढासळला.

केतकावती गुडघ्यांवर आपटली. पावलं वर धरून ती रांगत गेली, कडी स्वतः काढली आणि तळ्यात पाय सोडले. सात गावांचं मीठ ओढ्यांनी वाहून गेलं.

वेशीवर राजा वाट पाहत होता.

"तुला आणलं कुणी?"

"कुणी नाही, तात. चालत आले. खडे टोचतात हो फार!"

राजानं तिच्या मागे पाहिलं. वाटेवर पावलं उमटली होती, आणि माती मातीच राहिली होती.