ठिपक्याच्या गळ्यातलं लोढणं

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या गावाच्या माळावर मायाप्पा नावाचा धनगर राहायचा. माळाच्या पायथ्याशी सगुणा कुंभारणीचं घर होतं. मायाप्पाच्या मेंढ्यांच्या लेंड्या सगुणा मडक्यांच्या मातीत कालवायची, आणि मायाप्पाच्या घरचं पाणी सगुणाच्या हातच्या मडक्यात असायचं. वर्षानुवर्षं दोघांचं बरं चाललं होतं. बिघडलं ते ठिपक्यामुळं.

ठिपक्या हा सगुणाचा कुत्रा. सगुणाचा, असं आपलं म्हणायचं. आवारात परकं माणूस आलं आणि तो भुंकला, की ती कौतुकानं ‘माझा ठिपक्या, माझा ठिपक्या’ करायची. पण त्यानं कुणाची कोंबडी पळवली, की लगेच कानावर हात. कुत्रं गावभर फिरतं, ते काय एकाचं असतं होय, असं तिचं म्हणणं.

एका वर्षी मेंढ्या व्यायला लागल्या आणि मायाप्पाला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. त्यातच भरदुपारी एक कोकरू गेलं. आठवड्यानं दुसरं गेलं. तो ठिपक्याची तक्रार घेऊन खाली उतरला, तर सगुणानं त्यालाच कुंपण नीट घालायला सांगितलं. त्यानं मुकाट्यानं आणखी काट्या तोडून आणल्या आणि कुंपण दाट केलं.

तिसऱ्या खेपेला भुरीचं कोकरू गेलं. भुरी ही त्याची लाडकी मेंढी. तीन वर्षं रिकामी राहून तिला हे एकच पिल्लू झालं होतं. या वेळी मायाप्पानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, रक्ताळलेल्या तोंडाचा ठिपक्या उतारानं पळत होता. भुरी दिवसभर कुंपणाशी उभी राहून ओरडत राहिली. ते ऐकून मायाप्पाला घास गिळवेना.

त्यानं गावाच्या पारावर जाऊन पंचांकडे एकच मागणं मागितलं, कुत्रा मारून टाका. गावाचा रिवाजही तसाच होता. कोकरं खाणारा कुत्रा मालकानं स्वतः बांधून आणून पंचांच्या हवाली करायचा. आता मात्र पारावर बोलावलेली सगुणा म्हणेना, की कुत्रा माझा नाही. ती पदर तोंडाला लावून रडू लागली.

पंचांत एक म्हातारा गुराखी होता. नजर अधू झालेली, पण जनावरं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळे त्याला आबा म्हणत.

“मारायचं तर उद्याबी मारता येईल,” आबा म्हणाले. “पण ह्याला कोकराची चव लागली कुठं, ते तरी बघू. रातीला त्याला बांधून ठेवा, सकाळी मोकळा सोडा. आपण तिघं मागनं चालू.”

मायाप्पाला हे पटलं नाही. पण आबांपुढं बोलायचं कसं?

सकाळी ठिपक्याला सोडलं. तो आधी सगुणाच्या दाराशी गेला. तिथं त्याच्यासाठी एक खापर ठेवलेलं होतं. त्याच्या तळाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. ठिपक्यानं ते हुंगलं, जरा वेळ बंद दाराकडे पाहिलं आणि तो माळाची वाट चढू लागला. सगुणानं मान खाली घातली.

मायाप्पाला वाटलं, आता हा सरळ मेंढ्यांकडे जाणार. पण ठिपक्या कुंपणाला वळसा घालून मागच्या ओघळीत उतरला आणि पायानं माती उकरू लागला. मातीतून लोकरीचे झुबके आणि बारीक हाडं वर आली.

लांडग्याचं काम असेल, सगुणा म्हणाली. आबांना काही नीट दिसत नव्हतं.

मायाप्पाला मात्र सगळं दिसत होतं. ती मेलेली जन्माला आलेली कोकरं होती. त्याचे वडील अशा कोकरासाठी गुडघाभर खड्डा खणायचे आणि वर दगड रचायचे. यंदा जमीन कडक होती, कामं अंगावर पडली होती. मायाप्पा कोकरू ओघळीत टाकायचा, वर पायानं थोडी माती ढकलायचा आणि हात झटकून मोकळा व्हायचा. कुंपण दाट करायला त्याला वेळ मिळाला होता, कुदळ उचलायला मिळाला नव्हता.

हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तो बोलला नसता तर संध्याकाळपर्यंत कुत्रा मेला असता आणि न्याय मायाप्पाच्याच बाजूनं झाला असता. त्याच्या कानात अजून भुरीचं ओरडणं होतं. गप्प राहणं किती सोपं होतं!

तेवढ्यात ठिपक्यानं मान वर केली. मायाप्पाला पाहून तो शेपटी हलवत त्याच्या पायाशी आला. रोज जेवू घालणाऱ्या माणसापाशी कुत्रं येतं, तसाच. मायाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आबा,” तो म्हणाला, “ह्याला चव मीच लावली. ही कोकरं मी टाकलीत.”

मग सगुणाच हळूच म्हणाली, “आणि उपाशी मी ठेवला, मायाप्पादादा.”

आबांनी कुत्र्याला जीवदान दिलं. मायाप्पानं बाभळीच्या लाकडाचं जड लोढणं तासायचं आणि सगुणानं ते ठिपक्याच्या गळ्यात बांधायचं, म्हणजे त्याला धावता येणार नाही. सगुणानं दोन वेळा खापर भरायचं. मायाप्पानं खड्डा खणल्याशिवाय मेलेलं कोकरू टाकायचं नाही. लोढणं कधी काढायचं, ते ज्याची कोकरं गेली त्यानं ठरवायचं.

वर्ष गेलं. पुन्हा मेंढ्या व्याल्या, भुरीसुद्धा व्याली. एका दुपारी तिचं कोकरू वाट चुकून थेट सगुणाच्या आवारात शिरलं. मायाप्पा काठी घेऊन धावत खाली आला, आणि दारातच थबकला. ठिपक्या भाकरी खाऊन सावलीत पसरला होता. कोकरू त्याचं रिकामं खापर चाटत होतं. ठिपक्यानं एक डोळा उघडून ते पाहिलं आणि पुन्हा मिटला.

मायाप्पानं काठी भिंतीला टेकवली आणि कमरेच्या विळ्यानं लोढण्याची दोरी कापली.

कुत्रा एकदम साधू झाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुढंही मेंढ्या व्यायच्या दिवसांत सगुणा त्याला बांधूनच ठेवायची. पण माळावर पुन्हा कधी कोकरू गेलं नाही, आणि लेंड्यांच्या पाट्या पुन्हा खाली उतरू लागल्या.

लोढणं भट्टीत घालू का, असं सगुणानं विचारलं होतं. मायाप्पानं नको म्हणून सांगितलं. ते त्यानं घरी नेलं आणि कुदळीशेजारी खुंटीला टांगलं, म्हणजे कुदळ घेताना रोज दिसेल.

तात्पर्य : दुसऱ्याच्या अपराधाला शिक्षा मागण्याआधी, त्यात आपला हात किती आहे ते पाहावं.