साळूचं बोलावणं

सरक गं मुक्ते, पाय आत घे. आणि सोन्या, ती उशी दे इकडे, माझी कंबर भरून आलीय. दिवा राहू दे थोडा वेळ. आत्या पंचमीला का नाही आली, हे मला सतरांदा विचारू नका. गोष्ट हवी ना? मग गप पडा.

एक होती राणी. साधीसुधी नव्हे, पऱ्यांची राणी. आणि तिला मरण नव्हतं, बरं का. खाली राजे यायचे, राजे जायचे, ही आपली तिथंच. सातकड्याच्या डोंगरावर, अगदी वर, झऱ्यापाशी तिचं राज्य.

पण ती काही जन्मानं परी नव्हती. डोंगराखालच्या गावातली पोर ती. नाव साळू. शेणगोठा करायची, भाकऱ्या थापायची, आणि रोज पहाटे उठायची. हे पहाटे उठणं ध्यानात ठेवा, त्याच्यामुळंच पुढचं सगळं झालं.

एकदा काय झालं, साळूच्या गाईची पाडी हरवली. शोधत शोधत साळू डोंगरावर गेली. बघते तर झऱ्यापाशी वीस पऱ्या तोंडं पाडून बसलेल्या. त्यांची जुनी राणी आभाळात निघून गेली होती. झऱ्याच्या तोंडावर रोज रात्री एक शिळा येऊन बसायची, ती सकाळी बाजूला सारावी लागे. आणि सकाळी उठणार कोण? पऱ्या म्हणजे नुसत्या नाचऱ्या. दिवस डोक्यावर येईस्तोवर लोळायच्या, आपल्या सोन्यासारख्या. साळूनं पदर खोचला, खांदा लावला आणि शिळा सारली. पाणी खळखळा वाहायला लागलं.

मग पऱ्या म्हणाल्या, "तूच हो आमची राणी." आणि तिच्या हातावर एक फळ ठेवलं. ते खाल्लं की माणूस म्हातारं होत नाही, मरत नाही.

साळू म्हणाली, "आईला विचारून येते."

शहाणी पोर. आई थोडी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा. लेक सासरी दिली असं समजेन मी. दर पंचमीला तुझ्या भावाला मुराळी म्हणून धाडीन. पण बोलावल्याशिवाय येऊ नकोस हो. न बोलावता आलेल्या लेकीला गाव नावं ठेवतं."

मुराळी ठाऊक आहे का तुम्हांला? सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. पूर्वी त्याच्याशिवाय पोरी उंबरा ओलांडत नसत.

मग साळूनं फळ खाल्लं आणि राणी झाली. राणी झाली म्हणून पाय पसरून बसली नाही ती. ढग सगळे एकाच कड्यावर भांडत कोसळायचे, त्यांना पाळ्या लावून दिल्या. काजवे वाटेल तसे लुकलुकायचे, त्यांना एका तालात लुकलुकायला शिकवलं. मग कारवी रुसली. म्हणाली, माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. राणी म्हणाली, "सात वर्षांतून एकदाच फुलत जा. मग बघ कसे धावत येतात." अजून तशीच फुलते ती, आणि माणसं अजून धावत जातात.

आणि दर पंचमीला काय व्हायचं? साळू गाठोडं बांधून वाटेवरच्या खडकावर जाऊन बसायची. तिचा भाऊ म्हादू यायचा. त्याचा फेटा लांबून दिसला की राणीबिणी सगळं विसरून पळत सुटायची. चार दिवस माहेरी राहायची, झोके घ्यायची, आईच्या हातचे पुरणाचे दिंड खायची. वर यायची तेव्हा कशी टवटवीत असायची.

पण म्हादूनं कुठं फळ खाल्लं होतं? त्याचे केस पांढरे झाले. आई गेली, बाप गेला. म्हादू काठी टेकत टेकत यायचा, पण यायचा. मग एका पंचमीला म्हादू आला नाही. साळू समजली. खूप रडली. वाटलं, आता भाचे येतील.

भाचे आले नाहीत. का? लाज वाटली त्यांना. म्हणाले, ती एवढी राणी, आपण चिखल तुडवणारी माणसं. गळक्या छपराखाली ये, धुरात बस, असं तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? यायचं असलं तर येईल की आपली. पण विसरले नव्हते बरं का. दर पंचमीला घरात एक पाट जास्तीचा मांडायचे. म्हणायचे, "हा साळूचा." त्याच्यापुढं ताट वाढायचे. पोरांना त्या पाटावर बसू द्यायचे नाहीत.

आणि वर साळूचं काय? दर पंचमीला गाठोडं बांधायची, खडकावर बसायची, दिवस मावळला की गाठोडं सोडायची. मनात म्हणायची, न बोलावता कशी जाऊ? आईनं सांगून ठेवलंय. विसरले वाटतं मला.

बघा आता. खाली ताट वाढून वाट बघतायत, वर गाठोडं बांधून वाट बघतेय. शंभर वर्षं गेली. पाचशे गेली. हजार गेली. वरून कुणी उतरेना, खालून कुणी चढेना. खुळी माणसं, दुसरं काय म्हणायचं.

मग एका पंचमीला साळूनं गाठोडं सोडलंच नाही. खडकावरून उठलीच नाही. गावाकडं पाठ केली आणि म्हणाली, "मला कुणी नाही. आता उठू तरी कशाला?" अमर माणसाला मरण येत नाही, पण ते असं बसून राहिलं की दगड व्हायला लागतं. पहिल्यांदा तिचे पाय दगडाचे झाले. मग गुडघे झाले. मग कंबर झाली.

सकाळी शिळा सारायला राणी नाही. वीसच्या वीस पऱ्यांनी जोर लावला, शिळा हलेना. फटीतून करंगळीएवढी धार काय ती खाली यायची. गावातल्या बाया एका घागरीसाठी अर्धा दिवस ताटकळायला लागल्या. गुरं हंबरायला लागली. सगळे म्हणाले, राणी रुसली.

मग गावचा पाटील वर गेला. पालखीतून हिरवं लुगडं नेलं, टपोऱ्या मोत्यांची नथ नेली. हात जोडून म्हणाला, "राणीसाहेब, राग सोडा." राणीनं मान वळवली नाही. मग ढोलवाले गेले, सनईवाले गेले. डोंगर दणाणून सोडला. राणीनं मान वळवली नाही. आता दगड गळ्यापर्यंत आला होता. हं, झोपलीस का गं मुक्ते? नाही ना? मग हुं तरी म्हण.

आता तिसरी कोण गेली ते ऐका. साळूच्या माहेरच्या घरात तेव्हा एक म्हातारी होती. येसूआक्का तिचं नाव. सत्तरीची. पाठीला बाक, पण जीभ सरळ. पंचावन्न वर्षांपूर्वी त्या घरात सून म्हणून आलेली. तिचा भाऊ दर पंचमीला तिला न्यायला यायचा. ती सत्तरीची झाली तरी यायचा, बरं का. आणि त्याच वर्षी तो भाऊ वारला होता.

पंचमी उजाडली. येसूआक्का सकाळपासून उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तांदूळ कधीचेच निवडून झाले होते. डोळे रस्त्याकडं. कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी बघत होती. वय झालं म्हणून ते सुटत नाही रे पोरांनो. मला विचारा.

आत सुनेनं पाट मांडला आणि म्हणाली, "हा साळूचा."

येसूआक्काचा हात थांबला. "हिला बोलवायला कोण गेलंय?"

"कोण जाणार, सासूबाई? राणी आहे ती."

"आत्तापर्यंत कधी कुणी गेलं होतं?"

कुणाला आठवेना. येसूआक्कानं सूप खाली आदळलं. "अरे मेल्यांनो, नुसता पाट मांडून कुणी जेवायला येतं का? लेकीला बोलवावं लागतं. न्यायला जावं लागतं."

मग तिनं फडक्यात मूठभर लाह्या आणि दोन दिंड बांधले. काठी घेतली आणि निघाली. तिचा लेक म्हणाला, "आई, गुडघे बघ तुझे." ती म्हणाली, "गुडघे माझे आहेत, मी बघीन."

तीनदा वाटेत बसली. तीनदा स्वतःलाच शिव्या घातल्या. तीनदा उठली. दुपार कलली तेव्हा वर पोचली. पऱ्या आडव्या आल्या.

"कोण तू?"

"मी मुराळी."

पऱ्या खुदुखुदू हसल्या. "मुराळी तर गडी माणूस असतो."

"गडी माणसं हजार वर्षं लाजत बसली, म्हणून मला यावं लागलं. व्हा बाजूला."

खडकावर राणी पाठमोरी बसलेली. हनुवटीपर्यंत दगड. मांडीवर बांधलेलं गाठोडं. येसूआक्का काठी टेकत जवळ गेली. ती काही राणीसाहेब म्हणाली नाही. हळूच म्हणाली, "साळू, ए साळू."

हजार वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. गळ्यावरच्या दगडाला तडा गेला आणि साळूनं मान वळवली.

"ऊठ बाई, पंचमी आली." हातांचा दगड गळून पडला.

"चल घरी. आईनं बोलावलंय." पायांचा दगड सुटला, आणि साळू उभी राहिली.

"आई? आई आहे अजून?"

"आई कुठली असायला, बाळा. पण बोलावणं तिचंच आहे. तुझ्या घरात ते एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पोचायला जरा उशीर झाला, एवढंच."

"मला वाटलं, विसरलात मला."

"दर पंचमीला तुझा पाट असतो घरात. ताट वाढलेलं असतं. हजार वर्षं पोरांना बसू दिलं नाही त्याच्यावर."

मग साळू रडली. येसूआक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. दोघी रडल्या म्हणा ना. मग साळूनं नाक पुसलं, पदर खोचला, आणि एका दणक्यात शिळा सारून दिली. गाठोडं काखेला मारलं. येसूआक्काला हाताला धरून डोंगर उतरायला लागली. त्यांच्याआधी पाणी गावात पोचलं. लोकांना कळलं, लेक निघाली माहेरी.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि मग घोळ. पाया कुणी कुणाच्या पडायचं? दिसायला ही सोळा वर्षांची पोर, नात्यानं सगळ्यांची खापर-खापरआत्या. सत्तरीची येसूआक्का कशीबशी वाकली, तर साळूच आधी तिच्या पाया पडली. येसूआक्का म्हणाली, "असू दे. वयानं तू मोठी, पण दमलेली दिसतेस. आज तूच लेक."

साळू आपल्या पाटावर बसली. दिंड खाल्ला. सगळं घर श्वास रोखून बघतंय. साळू म्हणाली, "गूळ कमी पडलाय. आई जास्त घालायची."

येसूआक्का म्हणाली, "आल्या आल्या नावं ठेवली. घरचीच आहे ही."

तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सगळी हसायला लागली. मग साळूनं पोरींबरोबर झोके घेतले. येसूआक्कानं तिच्या डोक्याला तेल घातलं, आणि साळू तिथंच, मांडीवर, झोपून गेली. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी उठली नाही. कुणी उठवलंही नाही तिला. हजार वर्षं पहाटे उठलेली ती.

चार दिवस राहिली. तिकडं झऱ्याची धार चार दिवस बारीक झाली, काजव्यांचा ताल थोडा चुकला म्हणतात. बाकी राज्य काही बुडलं नाही.

निघताना तिची ओटी भरली. उंबऱ्यात ती थांबली आणि म्हणाली, "येसू, तुला न्यायला कोण येतं गं?"

येसूआक्का खाली सांडलेले ओटीचे तांदूळ वेचायला लागली. सून हळूच म्हणाली, "त्यांचा भाऊ यायचा. यंदा तो नाही राहिला."

साळू म्हणाली, "मग गाठोडं बांध. मी न्यायला आलेय असं समज."

"मला? या वयात?"

"माझं वय विचारलंस का?"

मग काय, येसूआक्का गेली डोंगरावर. पऱ्यांनी तिचे गुडघे चोळले, मध खाऊ घातला, नाचून दाखवलं. साळूनं तिला ते फळ पण देऊ केलं. येसूआक्का म्हणाली, "ते नको गं. तू दर वर्षी न्यायला ये, म्हणजे झालं." आणि ती जिवंत होती तोवर दर पंचमीला साळूला आणायला जायची. साळू चार दिवस आपल्या माहेरी राहायची आणि जाताना येसूआक्काला तिच्या माहेरी, म्हणजे वर डोंगरावर, घेऊन जायची.

पुढं येसूआक्का म्हातारी होऊन सुखानं गेली. मग तिची सून मुराळी झाली, मग नातसून. एकही पंचमी चुकली नाही. साळू अजून आहे तिथं, राज्य करतेय, शिळा सारतेय, आणि पाणी अजून खळाळतंय. सगळी सुखात आहेत. आता तुम्हीही डोळे मिटा.

काय रे सोन्या, अजून जागाच? पंचमी झाली तर झाली. पुढं गौरी आहेत की. आत्याला बोलावलं नव्हतं आपण. तुझा बाप म्हणाला, मोठ्या घरची झालीय, यायचं असलं तर येईल. आणि मीही गप्प बसले, चुकलंच माझं. उद्या सकाळी उठलास की मला फोन लावून दे तिचा. झोप आता.