काढा पिणाऱ्याचा चेहरा

घाटाखालच्या एका बाजारपेठेच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. औषध कडू आणि माणूस गोड, असं गाव त्यांच्याविषयी म्हणे. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी जन्मभर मोडला नाही. काढा ज्याने उकळला, त्याने रोग्यासमोर बसून त्यातला पेलाभर आधी स्वतः प्यायचा, मग रोग्याला द्यायचा. "जे आपल्या घशाखाली उतरत नाही, ते दुसऱ्याच्या घशात ओतायचा आपल्याला काय अधिकार?" असं ते विचारत.

त्यांचा शिष्य मार्तंड. बुद्धीने तल्लख, ग्रंथ मुखोद्गत, मुळ्या-पाल्याची नुसत्या वासावरून पारख करणारा. अडचण एकच. कडू म्हटलं की बिचाऱ्याचा जीव अर्धा होई. नियम मात्र तो पाळत असे. म्हणजे कसा? नाक दाबायचं, डोळे मिटायचे, पेला एका दमात रिता करायचा आणि कनवटीचा गुळाचा खडा झटकन तोंडात टाकायचा. नियमही पाळला गेला आणि जीभही बचावली. त्याला हसू नका. आपणही बहुतेक नियम असेच पाळतो.

त्याच गावात गुरलिंगप्पा नावाचे कॉफीचे व्यापारी होते. दुकानामागे त्यांची भट्टी. बिया भाजायला लागल्या की निम्म्या बाजाराला तरतरी येई. शेटजी स्वतः दिवसभर कॉफी पीत; दूध नाही, साखर नाही, काळीभोर. पहिला पेला पोटात गेल्याशिवाय त्यांना गिऱ्हाइकाचं नावही आठवत नसे. असे लोक आपल्याही घरात असतात. काहींना तर बायकोचंही आठवत नाही.

या शेटजींना ताप येऊ लागला. दिवसा बरं वाटायचं, संध्याकाळ झाली की अंग तापायचं. अन्नावरची वासना उडाली, गालफडं बसली, गल्ल्यावर बसण्याचं त्राण उरलं नाही. वैद्यांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन शिष्याला सांगितलं, "ताप मुरलाय. किराइताचा काढा रोज गेला तर उतरेल. नाही गेला तर माणूस हातचा जाईल. मार्तंडा, हा रोगी तुझा."

मार्तंड मोठ्या उमेदीने काढा घेऊन गेला. शेटजींसमोर बसला, नाक दाबलं, डोळे मिटले, पेला रिकामा केला आणि गूळ चघळत दुसरा पेला पुढे केला. शेटजी भिंतीकडे सरकले.

"नको रे बाबा! तुझं तोंड पाहिलं मी आत्ता. मेलो तरी चालेल, पण ते नको."

"शेटजी, औषध आहे ते."

"असू दे. मला कडू सोसत नाही. लहानपणापासून कारलंसुद्धा खाल्लं नाही मी."

मार्तंडाला हसावं की रडावं कळेना. "अहो, दिवसभर काळी कॉफी पिता की तुम्ही! ती काय गोड असते?"

"कॉफी? कडू?" आजारी माणूस अंथरुणात उठून बसला. "कोण म्हणतं? नीलव्वा, याला पेलाभर दे गं. कॉफीला कडू म्हणतोय, वेडा कुठला!"

नीलव्वा म्हणजे शेटजींची बायको. तिने कॉफी आणून दिली. मार्तंडाने घोट घेतला आणि त्याचं तोंड पुन्हा तस्संच झालं. शेटजींनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी मार्तंडाने काढ्यात मूठभर गूळ विरघळवला. शेटजींनी दोन घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेला पाहूनच तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी ताप असा चढला की ते बरळू लागले. नीलव्वा उंबऱ्यात येऊन रडू लागली. "गुरुजींना सांगा हो, काहीतरी करा. हट्टी आहेत, पण माझे आहेत."

मार्तंड परतला तो खाली मान घालूनच. "गुरुजी, माझ्याने होत नाही. आपण स्वतः जा. माझ्यामुळे त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला क्षमा करू शकणार नाही."

सकाळी उठून वैद्य मार्तंडाला घेऊन शेटजींकडे गेले. हातात काढा नव्हता. अंथरुणाजवळ बैठक मारून ते म्हणाले, "गुरलिंगप्पा, तुमची कॉफी पाजा बघू."

मार्तंड थक्क झाला. गुरुजींनी आयुष्यात कॉफीला स्पर्श केला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी ती सावकाश संपवली आणि निघताना शिष्याला आज्ञा केली, "उद्यापासून तू रोज सकाळी इथे यायचं. रिकाम्या हाताने. शेटजींजवळ बसून अर्धा पेला कॉफी प्यायची आणि ती कशी प्यायची ते त्यांच्याकडून शिकायचं. त्यांना पेज आणि विश्रांती चालू राहू दे. काढ्याचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी माझ्यासोबत ओट्यावर बसून तू किराईत प्यायचं. गूळ नाही, घाई नाही."

"आणि ताप?" मार्तंडाचा आवाज चढला. "तो थांबणार आहे का तोवर?"

"नाही थांबणार. म्हणून तूही चालढकल करू नकोस," वैद्य म्हणाले. त्यांच्याही कपाळावर आठी होती. म्हातारपणाने गुरुजींची बुद्धी फिरली, असं मार्तंडाला त्या क्षणी खरोखर वाटलं. तरी तो गेला.

शेटजी अंगाने खचले होते, पण कॉफी शिकवायची म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. "अरे, गिळतोस काय असा? कुणी मागे लागलंय का? आधी वास घे. आता छोटा घोट. धर तोंडात. कडू लागतंय? लागू दे की. ते निघून गेलं की मागे काय राहतं, ते सांग."

पहिल्या दिवशी मागे काहीच राहिलं नाही. पुढे एकदा भाजल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी जाणवलं. आणखी एका सकाळी जिभेच्या मुळाशी किंचित गोडवा आला आणि मार्तंड हरखून म्हणाला, "शेटजी, आहे हो!" शेटजी खुश झाले. नीलव्वाही दारातून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

संध्याकाळी ओट्यावर मार्तंडाने किराइतालाही तोच न्याय लावला. कडू आलं, त्याने येऊ दिलं. ते ओसरल्यावर घशात शीतळ काहीतरी उरलं, पोटात हलकं वाटलं. गुरुजी शेजारी बसून गावगप्पा सांगत होते. हळूहळू त्याला त्या वेळेची ओढ लागली. ओढ काढ्याची की गप्पांची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी वैद्य दुसऱ्या गावी रोगी पाहायला गेले होते. ओट्यावर एकट्याने बसून मार्तंडाला करमेना. तो आपला काढा पेल्यात घेऊन शेटजींकडेच गेला. त्यांच्या उशाशी बसला, भाताच्या पिकाविषयी बोलू लागला आणि बोलता बोलता घोट घेऊ लागला. आपण वैद्य आहोत, समोर रोगी आहे, हे तो पार विसरला होता. एक घोट उतरल्यावर त्याच्या तोंडून सहज निघालं, "हाऽ!"

शेटजी टक लावून पाहत होते. "काय पितोस रे?"

"किराईत."

"तेच? तेव्हा मला आणलेलं?"

"तेच."

शेटजींनी हात पुढे केला. "आण बघू."

घोट घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा आंबला. "कडू आहे की रे, मेल्या!"

"आहेच कडू," मार्तंड म्हणाला. "लगेच गिळू नका. मागे काय राहतं ते मला सांगा."

ज्याने जन्मभर कॉफीची पारख केली, तो हे आव्हान कसं नाकारणार? शेटजींनी डोळे मिटले. नंतर दुसरा घोट घेतला, नंतर तिसरा. शेजारी मार्तंड निवांत बसून होता. पेला रिकामा झाला. नीलव्वाने देवाजवळ दिवा लावला आणि बाहेर येऊन मार्तंडाचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवसापासून शेटजींसाठी वेगळा पेला जाऊ लागला. ताप एका रात्रीत पळाला नाही. ताप तसा पळत नसतो. पण संध्याकाळ हळूहळू निवत गेली, भूक परतली आणि शेटजी काठी टेकत का होईना, गल्ल्यावर येऊन बसले.

तेव्हा मार्तंडाने विचारलं, "गुरुजी, काढा तोच होता. मी त्यांच्यासमोर आधीही प्यायलो होतो. मग तेव्हा का नाही?"

वैद्य म्हणाले, "तेव्हा तू नियम प्यायलास, काढा नाही. बाळा, रोगी पेल्यात पाहत नाही, देणाऱ्याच्या चेहऱ्यात पाहतो. तुझा चेहरा सांगत होता, 'हे विष आहे, मी कसाबसा सुटलो, आता तुमची पाळी.' कडूची गोडी उपजत कुणालाच नसते. कॉफीचं एक बरं आहे. ती कडू लागते, पण लगेच तरतरी देऊन मोकळी होते, म्हणून जीभ तिला पटकन क्षमा करते. काढा आपलं देणं फार उशिरा देतो. तेवढ्या उशिरात माणसाला धीर कोण देणार? जो शेजारी बसून शांतपणे तेच पितो, तो. हे तुला सांगून कळलं नसतं. तुझी जीभ आधी वळायला हवी होती."

"आणि आपण कॉफी का प्यायलात?"

वैद्य जरा ओशाळले. "तुला जे शिकायला पाठवायचं, ते आधी मी प्यायला नको का? तेव्हापासून रोज घेतोय, आणि आता मात्र पंचाईत झाली आहे. सकाळी ती मिळाली नाही तर डोकं ठणकतं."

दोघेही मनसोक्त हसले. आपल्या मुलांना, सुनांना, सहकाऱ्यांना कडू काही पाजू पाहणाऱ्यांनी पेला पुढे करण्यापूर्वी आपल्या तोंडाकडे एकदा पाहावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

त्या रात्री मार्तंडाने पेले घासून पालथे घातले. एरवी झोपण्यापूर्वी तो विचारत असे, "गुरुजी, उद्या कुणाला काय द्यायचं?" आज तो दारात थोडा थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, उद्या कुणाजवळ बसायचं?"