नादोलीच्या मुक्या घंटा

नादोलीच्या ओतारआळीत दारोदार पितळी घंटा टांगलेल्या दिसतील. हलवून बघा पाव्हणं, आवाज यायचा नाही. आत लोलकच नसतो. घेणाऱ्यानं घंटा न्यावी आणि लोलक परगावच्या लोहाराकडून बसवून घ्यावा, अशी इथली रीत. हसू नका, आधी ऐका.

पूर्वी म्हणे घंटा नादोलीत ओतायची आणि लोलक ओढ्यापलीकडे लोहारवाडीत घडायचा. एकाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही, अशी भैरोबापुढं बेलभंडार उचलून आण घेतलेली. त्या एका कामावर लोहारवाडीच्या चुली पेटायच्या. पण भिवबा ओतारी जेवढा कसबी, तेवढाच घमेंडखोर. देवाची थोरली घंटा त्याच्याकडं आली, तेव्हा त्यानं घरीच भाता मांडला आणि लोलकही घडवला. त्याचं बघून आळीत घरोघरी भाते लागले. लोहारवाडीला कोणी जाईना.

शेवटी राघू लोहाराची बायको तानूबाई भिवबाच्या दारात आली.

"भिवबा, आण मोडू नका. आमच्या पोटावर पाय देऊ नका."

"जा गं बाई! घंटा माझी, तर नादही माझाच."

"बरं तर. तुमचा नाद तुमच्याच घरात राहू दे." एवढंच बोलून ती गेली.

जत्रेला भिवबानं दोरी ओढली. लोलक आदळला, पण आवाज नाही! माणसं एकमेकांकडं बघू लागली. तेवढ्यात त्याची बायको ऊर बडवत आली. घरात घणघणाट उठला होता. हंडा वाजत होता, तांब्या वाजत होता, आणि एकुलती लेक गोदा कानांवर हात दाबून किंचाळत होती.

भिवबाचं काळीज फाटलं. त्यानं लोलक उपटून फेकला, घाव घालून घंटा फोडली. घणघणाट थांबेना. तसाच अनवाणी तो लोहारवाडीला धावला. तानूबाईचे पाय धरावेत, लेकीला सोडवावं, एवढंच मनात. पण भट्ट्या गार, चुलीत राख. लोहार बिऱ्हाडं गाड्यांवर घालून कधीच निघून गेले होते. कुठं, ते सांगायला मागं कोणी नव्हतं.

परतला तेव्हा घर शांत होतं. त्याला हायसं वाटलं. गोदा अंगणात पाठमोरी बसली होती. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. पोरीनं मान वळवली नाही.

आजही नादोलीत लोलक कोणी घडवत नाही. आणि ओताऱ्याच्या घरी मूल जन्मलं, की बाप आधी त्याच्या कानाशी टाळी वाजवून बघतो, मगच बारशाचं बोलतात.