आजोबांच्या दोन टोप्या

हे बाहेर सांगायचं नाही, असं आजोबांनी बजावलंय. ते गावचे सरपंच. बायकांच्या गटाला गांडूळखत करायला गावची रिकामी शेड हवी होती. खत इथंच विकलं गेलं, तर ऊसतोडीला गाव सोडावं लागणार नव्हतं.

ग्रामसभेत आजोबा हसले. "माझ्या मातीत अन् तुमच्या मातीत फरक दाखवा, मग शेड घ्या."

गटाच्या हौसामावशींनी आजोबांच्याच दोन सुती टोप्या मागितल्या. एक त्यांच्या रानात पुरली, एक गांडूळखत घातलेल्या स्वतःच्या रानात. दोन महिन्यांनी सगळ्यांसमोर उकरल्या. आजोबांच्या रानातली टोपी धड निघाली. मावशींच्या रानात नुसती नायलॉनची शिवण उरली होती.

"बघा! माझ्या रानानं टोपी राखली, हिच्या रानानं खाल्ली!" आजोबा म्हणाले.

"व्हय सरपंच, माझ्या मातीला भूक हाय," मावशी म्हणाल्या. "जी माती स्वतः जेवत न्हाई, ती गावाला काय जेवू घालणार?"

शेड मिळाली. नंतर आजोबांनी तिथलंच खत गुपचूप रानात टाकलं आणि पुन्हा एक टोपी पुरली. आज मी ती हळूच उकरली, तर तिला बारीक भोकं पडली होती, आणि...

"केतकी, माझं खुरपं कुठंय गं?" आजोबा हाक मारतायत, आणि खुरपं तर माझ्याच हातात...