महाराजांच्या लॅपटॉपचं नवं डोकं

“या लॅपटॉपचा प्रोसेसर बदला! पण लॅपटॉप हाच राहील!” महाराज कडाडले.

मी संस्थानचा यंत्रपंडित. पदवी मोठी, पगडी त्याहून मोठी. चाचरत म्हणालो, “महाराज, हा लॅपटॉप जुना. यातला प्रोसेसर आतल्या बोर्डाला डाख देऊन कायमचा बसवलाय. तो निघत नाही. नवा लॅपटॉपच घेऊ या!”

“सासरेबुवांनी दिलाय हा! तो बदलला तर राणीसाहेब मला बदलतील! अहो, पंचांगात एकादशी बघायला बसावं तर उघडेपर्यंत द्वादशी लागते! प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचं डोकंच ना? ते मंद झालंय. उद्या दरबार उठायच्या आत बदला, नाहीतर हत्तीखान्यात शेण उचला!”

मी लॅपटॉपपुढे हात जोडून बसलो. इतकं शिकून दुसरं काही सुचेना.

दरबाराचे विडे लावणारी सगुणा तांबोळीण तिथूनच चालली होती. “पंडितजी, पूजा कसली मांडलीया?”

मी रडगाणं गायलो. ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत म्हणाली, “आन् ही रांग कसली?”

“महाराजांनी उघडलेली कामं. पंचांग, क्रिकेट, घोड्यांचे भाव, राणीसाहेबांच्या माहेरचे फोटो... बंद काहीच करत नाहीत.”

“मग कामं बंद करत जावा, आसं त्यास्नी सांगा की!”

अरेच्चा! इतकी सोपी गोष्ट माझ्यासारख्या विद्वानाला कशी सुचणार? आणि सुचली असती तरी ‘चूक तुमची आहे’ असं महाराजांना सांगायला छाती लागते. माझ्याकडे पगडीच होती.

“ऱ्हाऊ द्या, मी सांगते,” सगुणा म्हणाली.

आमच्या दरबाराचा रिवाज असा, की महाराजांनी स्वहस्ते विडा दिल्याशिवाय आलेल्या माणसाने जायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगुणाने विड्यांचं तबक आणलंच नाही!

ज्योतिषी आले, ते बसले. आचारी आला, तोही थांबला. शिंपी माप घेऊ लागला, न्हावी दाढीला भिडला, गवयाने तान धरली. जायला कुणालाच मिळेना आणि गप्प कुणीच बसेना.

“महाराज, आमटीत काय घालू?”

“रेवती नक्षत्र घाला!”

“महाराज, लग्न कधी धरू?”

“बाहीपासून चार बोटं खाली!”

दिवाणजींनी सहीला कागद पुढे केला, तर महाराज त्याच्याकडे नुसतेच बघत राहिले. शेवटी ओरडले, “अरे, एका वेळी किती जणांचं ऐकू? तांबोळीण कुठाय?”

सगुणा तबक घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“सरकार, सकाळधरनं बघतीया. तुमचं उत्तर लई उशिरा येतंय, आन् येतंय ते भलतंच! आता काय करायचं? तुमचं डोकं बदलायचं, का ह्या मंडळींना विडं द्यायचं?”

मी पगडी सावरत दार कुठे आहे ते बघून ठेवलं.

सगुणाने मी आणून ठेवलेल्या लॅपटॉपकडे हात केला. “त्या बिचाऱ्याच्या दरबारातबी तुमी समद्यांना असंच बसवून ठेवलंय, सरकार!”

महाराज क्षणभर गोरेमोरे झाले. मग असे हसले, की न्हाव्याचा वस्तरा मिशीपाशी थबकला! त्यांनी भराभर विडे वाटले आणि लॅपटॉपवरची उघडी कामं एकेक करून बंद केली. पंचांग चटकन उघडलं.

“शाबास!” महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं सगुणाला दिलं. “आजपासून यंत्रपंडित तूच! यांना काढून टाकू का?”

मी पगडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“नगं सरकार, ऱ्हाऊ द्या त्यास्नी,” सगुणा म्हणाली. “डोकं मी चालवीन, पर पगडी घालाया कुनीतरी पायजेच की!”

महाराज पुन्हा खदखदून हसले. आणि खरं सांगतो, सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.