लिंबाजीची दुसरी भाकर

"चोराला जेवू घालायचं का, पाळकबाबा?"

शांतवनने हे विचारलं तेव्हा हन्नोख पाळक चर्चच्या पायरीवर बसून वहाणा घालत होते. वय ऐंशी, कधीचे निवृत्त. शांतवनला लहानपणी पहिली प्रार्थना त्यांनीच शिकवली होती. मागच्या आठवड्यात तो स्वतः पाळक झाला, तेव्हा पहिल्या बाकावर बसून ते चक्क रडले होते. आज सकाळच्या उपासनेत त्याने पहिल्यांदाच मंडळीला प्रभुभोजनाची पवित्र भाकर दिली. त्याच्या हातची भाकर घ्यायला म्हातारबुवा काठी टेकत सगळ्यांच्या आधी उठले होते.

"काय चोरलं त्याने?"

"भाकर."

"कुणाची?"

"गरिबांची!"

"अन् तो कोण आहे?"

शांतवनने तो प्रश्न कानाआड केला. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

जालन्याच्या एसटी स्टँडमागे एक लांबच लांब भिंत आहे. डोक्यावर छप्पर नसलेली वीस-बावीस माणसं तिच्या सावलीला राहत. दर रविवारी उपासना संपली की शांतवन तिथे पंगत बसवी. महिला मंडळाच्या बायका भाकरी थापून देत, वाढायचं काम मात्र तो कुणालाच करू देत नसे. वर्षभरात त्याने एकही रविवार चुकवला नव्हता. शेवटच्या माणसाचं पोट भरेपर्यंत तो पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. हे अगदी खरं होतं. मंडळीत सगळ्यांना ते ठाऊकही होतं, कारण तो स्वतःच ते सांगत असे.

"माणशी दोन भाकरी देतो, बाबा. हा म्हातारा एकच खातो. दुसरी फडक्यात बांधतो. नक्की कुठेतरी विकत असणार, बिडीकाडीसाठी. वर मी निघालो की मागून हाका मारतो, आणखी हवी असणार! आजपासून त्याचं ताट बंद करणार आहे मी."

"नाव काय त्याचं?"

"…विचारलं नाही कधी."

पाळकबाबांनी काठी उचलली.

"चल. मलाही भूक लागलीय."

शांतवनच्या फटफटीवर मागे बसून ते भिंतीपाशी आले आणि सरळ पंगतीत जाऊन बसले, शांतवनने दाखवलेल्या त्या म्हाताऱ्याच्या शेजारी. शांतवनची तारांबळ उडाली. तो सतरंजी शोधू लागला.

"राहू दे. हे पोतं चांगलं आहे. यांनी सरकून जागा दिलीय मला."

म्हातारा संकोचाने आणखी थोडा सरकला. शांतवनने वाढलं. पिठलं, कांदा, दोन-दोन भाकरी. बाबांच्या शेजारच्या ताटाशी त्याचा हात अडखळला. पण गुरूंच्या देखत आजच्या दिवस वाढावंच लागलं. मग त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि घसा साफ केला. त्याची प्रार्थना सुंदर असे, आणि लांबही. पंगतीतल्या लोकांनी सवयीने हात मांडीवर ठेवले.

"शांतवन."

त्याने डोळे उघडले.

"आपल्या घरात जेवणाआधी आशीर्वाद मागायला कुणाला सांगतात?"

"घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला."

"मग सांग की."

शांतवनला वाटलं, बाबांना स्वतःलाच मागायचा आहे. आपण हे विसरलोच कसे, म्हणून तो ओशाळला.

"बाबा, तुम्ही आशीर्वाद मागा."

"मी कुठला पाहुणा? मी तर तुझ्याबरोबर आलो." ते शेजारी वळले. "नाव काय आपलं?"

"लिंबाजी."

"लिंबाजीबुवा, आज आशीर्वाद तुम्ही मागा."

"म्या?… मला न्हाई येत तुमच्यावानी."

"देवापाशी काही मागायचं असेल ना?"

लिंबाजी विचारात पडला. पंगत थांबली होती. शांतवनच्या कपाळावर आठी होती. ज्याचं ताट बंद करायचं, त्यालाच बाबांनी मानाच्या जागी बसवलं होतं.

"हाय एक मागनं," लिंबाजी म्हणाला.

त्याने हात जोडले. डोळे काही मिटले नाहीत. समोर उभ्या असलेल्या शांतवनकडेच तो बघत होता.

"देवा… ह्या लेकराचं कुनी न्हाई वाटतं. ऐतवार झाला की समद्यायला वाढतंय, अन् सोता उपाशी हुबं ऱ्हातंय. कंदी कुनी त्याला बस म्हनत न्हाई. त्याला पोटभर मिळू दे. बास, येवढंच."

कुणीतरी हळूच "आमेन" म्हणालं. बहुधा पाळकबाबाच.

लिंबाजीने ताटातली एक भाकर उचलली. वर कांद्याची फोड ठेवली. नेहमीसारखं फडकं पुढे ओढलं आणि मग बाजूला सारलं.

"आज सापडलात, सायेब. दर ऐतवारी ठिवतो म्या तुमच्यासाठी. हाका मारतो, पर तुमी हात हालवता अन् फटफटी निघून जाती. मंग कुत्र्याला घालावी लागती… घ्या."

शांतवनला ते सगळे रविवार आठवले. मागून येणाऱ्या हाका आठवल्या. न वळता वर केलेला स्वतःचा हात आठवला. त्याला इतकी लाज वाटली, की भिंतीआड तोंड लपवावंसं वाटलं.

मी घरी जाऊन जेवतो, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण त्या वीस-बावीस जणांपुढे 'घरी' हा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

भाकर समोर तशीच धरलेली होती. ती धरणारी बोटं भेगाळलेली होती, नखांत काळं साचलेलं होतं. शांतवनची नजर तिथे गेली आणि तिथेच थांबली. क्षणभरच… पण थांबली. म्हाताऱ्याचा हात थोडा खाली आला.

शांतवनने गोंधळून गुरूंकडे पाहिलं.

पाळकबाबा पिठल्यात भाकरीचा तुकडा बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळी मी तुझ्या हातची भाकर घेतली, शांतवन…" ते मायेने म्हणाले. "हात नव्हते पाहिले."